दूधगंगेकाठी वीस मिनिटं उशीर

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी कारखान्यात अजितने विचारलं, "काय मॅडम, वेळेत पोचलासा नव्हं आमच्या घरी? आईनं जेवू घातलं का पोटभर?"

मी म्हणाले, "हो तर. अगदी वेळेवर." आणि समोरच्या बेअरिंगच्या पेट्या मोजायला लागले. पेट्या चोवीस होत्या. ते मला आधीच माहीत होतं.

अजित आमच्या मशीन शॉपमध्ये आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या याच फौंड्रीचं स्टोअर मी एकोणीस वर्षं सांभाळते. कोणती वस्तू कुठल्या रॅकवर, किती शिल्लक आणि कधी मागवायची, हे माझ्याकडे लिहिलेलं असतं. सायकल चालवायला लागल्यावर तीच सवय तिकडेही गेली. आमच्या सायकल मंडळाच्या दिवाळी अंकात निपाणी भागातला नदीकाठचा मार्ग लिहून देण्याचं मी कबूल केलं होतं. तो मार्ग इथे आहे. पण त्या मार्गावर माझ्या हातून जे झालं तेही लिहिते. अजित हा अंक दरवर्षी वाचतो. त्याच्या तोंडावर खोटं बोलले, ते निदान इथे तरी खोडून काढावं. त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. सदलग्याच्या अलीकडे दूधगंगेच्या काठावर आहे, एवढं पुरे.

निपाणी, सकाळी

बरोबर भारती होती. ती बेळगावातल्याच वडगावची. घरात चार यंत्रमाग आहेत, ती आणि तिचा नवरा मिळून साड्या विणतात. दिवाळीच्या मागणीचे दिवस असूनही ती दोन दिवस काढून आली, कारण तिचं म्हणणं, "मागाच्या खडखडाटात राहून कान गेलेत माझे, जरा वाऱ्याचा आवाज ऐकू दे."

सायकली टेम्पोत टाकून निपाणीत उतरलो तेव्हा सात वाजले होते. निपाणीत कुठल्याही गल्लीत शिरलं की तंबाखूचा वास येतो. वखारींच्या भिंतींत तो मुरलेला आहे. नवख्या माणसाला पहिल्यांदा शिंका येतात. भारतीला सात आल्या, तेवढ्यात मी कटवड्याची ऑर्डर दिली. आमच्या बेळगावात वडा रश्श्यात बुडवून देतात ते वेगळं आणि इथला कट वेगळा. इथे वर तर्रीचा लाल थर असतो आणि पाव मागितला तर दुकानदार तुमच्याकडे जरा वेळ बघतो. सायकलवर जायचं असेल तर एकच प्लेट खावी. आम्ही दोन खाल्ल्या.

हँडलच्या पिशवीत माझी यादी होती. साडेसातला निघायचं, दहाला अक्कोळ, अकरापर्यंत भोज, साडेबाराला अजितच्या घरी जेवण. अजितने आठवडाभर आधीच घरी कळवलं होतं. घरात त्याची आई, थोरला भाऊ महावीर आणि वहिनी सुनीता. माणसं जैन. त्यांच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत हे मला माहीत होतं. आपण दुपारीच जाणार, तेव्हा तो प्रश्नच नाही, असं म्हणून मी त्या ओळीवर टिक केली होती.

बंधाऱ्यांवरून

वेदगंगा आणि दूधगंगा या दोन नद्या इथे एकमेकींच्या जवळ येत येत वाहतात. दोन्ही काठांवर गावं आहेत आणि गावांना जोडणारे बुटके बंधारे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात. ऑक्टोबरमध्ये नदी खाली उतरते आणि रस्ता मोकळा होतो. जत्राट ते भिवशी, अक्कोळ ते सिदनाळ, पुढे कुन्नूर, भोज, कारदगा असं करत नदी किती वेळा ओलांडली ते मी लिहून ठेवलं आहे, पण खरी मजा मोजण्यात नाही. इथला ऊस दोन पुरुष उंच असतो. त्याच्या भिंतींमधून आपण जात असतो, नदी कुठे आहे ते कळत नाही. मग एकदम हवा गार होते, रस्ता उतरतो आणि समोर पाणी. बंधाऱ्याच्या कठड्यांवर पुरातला काडीकचरा अजून अडकलेला असतो. बाभळीच्या शेंड्याला कोणाचा तरी परकर लटकलेला पाहिला, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते समजलं.

उसाच्या मधेमधे तंबाखूची शेतं. रोपं गुडघ्याएवढी झाली होती, पानं हत्तीच्या कानासारखी रुंद. एका शेतात बायका रोपांचे शेंडे खुडत होत्या. त्यातली एक ओरडली, "कुठं निघालासा गं पोरीहो?"

भारती म्हणाली, "वारं खायला!"

"मग हितंच या की. वारं फुकट, शेंडं खुडायचं तेवढं काम करा!"

सगळ्या हसल्या. त्यांच्या हाताला चिकट काळा थर बसला होता. आम्ही हातमोजे घालून निघालो होतो, बोटं दुखू नयेत म्हणून.

भिवशी सोडल्यावर माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. जादा ट्यूब यादीत होती आणि पिशवीतही होती. पंपही होता. पंपातला वायसर मात्र सुकून गेला होता आणि पंप नुसता उसासे टाकत होता. यादीत "पंप" असं लिहिलं होतं. "पंप चालतो का बघणे" असं लिहिलेलं नव्हतं. सायकल ढकलत अक्कोळपर्यंत गेलो. पंक्चरवाला डेअरीला दूध घालायला गेला होता. शेजारच्या किराणा दुकानातले आप्पा म्हणाले, "बसा. ईल आत्ता." आत्ता म्हणजे सव्वा तास.

तिथून निघेपर्यंत बारा वाजले. अजून भोज लांब होतं. मी यादी काढली, जेवणाची ओळ खोडली आणि संध्याकाळच्या मुक्कामाच्या ओळीत घातली. तसंही रात्री तिथेच राहायचं ठरलं होतं. दोन कामं एकत्र झाली की वेळ वाचतो. महावीरअण्णांना फोन केला. मागे मोटारीचा आवाज येत होता, ते मळ्यात असावेत.

"अण्णा, दुपारी जमत नाही. संध्याकाळी येतो. साडेपाच, फार तर पावणेसहा."

"व्हय व्हय. या की. दिवस मावळायच्या आत या म्हंजे झालं."

"मावळायच्या आत नक्की," मी म्हणाले. नक्की हा शब्द मी दोनदा वापरला. भारतीने ऐकलं आहे.

चार किलोमीटर

दुपारी भोजला केळी आणि शेंगदाणे खाल्ले. कारदग्याच्या पुढे रस्ता खराब आहे. डांबर उखडून खडी वर आली आहे, सभासदांनी जाड टायर असतील तरच यावं. पाच वाजता मी सायकलच्या मीटरकडे पाहिलं तर आकडा हललेलाच नव्हता. गचक्यांनी तार सुटली होती. किती वेळापासून सुटली होती ते आठवून काढलं. शेवटचा आकडा कारदग्याबाहेरच्या वडापाशी लिहिला होता. म्हणजे चार किलोमीटर मोजायचे राहिले होते.

तिथून अजितचं गाव सहा किलोमीटर. सरळ गेलो असतो तर सव्वापाच, साडेपाचपर्यंत पोचलो असतो.

"भारती, मागे जायला लागतंय. वडापर्यंत."

"का गं?"

"मोजायचं राहिलंय."

"अगं चारला चार लिही की. कोण बघालंय फीत घेऊन?"

"अंदाजे लिहायचं असतं तर घरी बसून लिहिलं असतं."

"मोबाइलात बघ मग."

"मोबाइलातलं वळणावर चुकतं."

भारतीने पायडलवरचा पाय खाली टेकवला. मग म्हणाली, "त्यांचं घर वाट बघत असंल, सुनंदा."

"पावणेसहा सांगितलंय. पोचतो."

मागे जाताना वारा समोरून होता. वडापाशी तार जोडली, पुन्हा वळलो, मोजलं. चार पूर्णांक दोन निघालं. पुढच्या बंधाऱ्यावर आलो तेव्हा सहाला पाच कमी होते. अजूनही सूर्य होता. बंधाऱ्याच्या मधोमध थांबून मागे पाहिलं तर नदी उसांच्या मधून लांबवर जात होती आणि तिच्या टोकाला, पाण्याच्या वर हातभर, लालभडक बिंब. अंकाच्या मुखपृष्ठासाठी असाच फोटो हवा होता. मी सायकल कठड्याला टेकवली. सायकल चौकटीत येईना म्हणून ती हलवली. मग एक म्हैस मधे आली. ती जाईपर्यंत थांबले. बिंब पाण्याला टेकलं, अर्धं झालं, गेलं. सहा फोटो काढले.

"काय सुंदर, नाही?" मी म्हणाले.

भारती सायकलवर बसून पुढे गेली होती.

त्या वेळी मला एवढंच वाटलं की आता ते लोक जेवून घेतील, आपण नंतर जेवू. उशिराचा फोनही केला नाही. वीस मिनिटांसाठी काय फोन करायचा? ते फोटो मी अंकासाठी देत नाही.

आक्का

घर गावाच्या टोकाला, नदीकडच्या अंगाला. पुढे सिमेंटचा कट्टा, दारात तुळशीएवढ्या उंचीचं जास्वंदीचं झाड. गेटपाशी एक म्हातारी बाई उभी होती. पांढरं पातळ, उंच, सरळ पाठ, सत्तरीच्या पुढची. ती अजितची आई. गाव तिला आक्का म्हणतं, आम्हीही म्हणायला लागलो.

"आलासा? बर्री, बर्री," त्या कानडीत या या म्हणाल्या आणि मग मराठीत, "लई दमलासा जणू."

मी घड्याळ बघून हसत म्हणाले, "सॉरी आक्का. दिवस मावळून वीसच मिनिटं झाली!"

त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "असू दे. पाय धुवा," म्हणाल्या.

बेळगावहून आणलेला खव्याच्या कुंद्याचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "दुकानचा व्हय?" असं विचारून सुनीताकडे दिला, तिने तो बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला. आक्का बाजारचं खात नाहीत हे मला अजितने कधीतरी सांगितलेलं होतं. तेवढं एक मी लिहून ठेवलं नव्हतं.

पाटावर बसलो. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, तुरीचं वरण, लसणाशिवाय कुटलेली शेंगदाण्याची चटणी आणि हुग्गी. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर, गूळ आणि खसखस घालून केलेली. गहू भिजवायचा, कांडायचा, तासन्‌तास शिजवायचा. आमच्याकडे लग्नाकार्यात होते, घरी करायला कोणाला सवड नसते. कांदा-लसूण नसलेलं जेवण अळणी लागेल असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. चटणीत कसली तरी आंबट चव होती, ती कोकमाची निघाली.

आक्का स्वतः वाढत होत्या. भाकरी संपायच्या आत दुसरी पानात. मी तीन खाल्ल्या. हुग्गी दोनदा मागून घेतली.

"आक्का, तुम्ही पण बसा की आमच्याबरोबर," मी म्हणाले.

"आमचं आमी बघतो. तुमी जेवा सावकाश."

"महावीरअण्णा?"

"आमी मघाशीच जेवलो," अण्णा सोप्यातून म्हणाले. "दिवस हाय तवर." मग, "आईनं जेवाय लावलं आमाला," एवढं बोलून ते मोबाइलकडे बघायला लागले.

मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. मी भारतीला म्हणाले, "घे गं हुग्गी, अशी परत मिळायची नाही." भारतीने घेतली नाही. तिला तेव्हाच शंका आली होती, असं ती नंतर म्हणाली.

जेवण झाल्यावर ताट घेऊन मी मागच्या न्हाणीपाशी गेले. सुनीता भांडी घासत होती. तिशी-पस्तिशीची, बोलकी.

"ठेवा हो, मी घासतो."

"तुझ्या सासूबाई अजून जेवल्या नाहीत?"

"त्या आता उद्या."

"उद्या म्हणजे?"

तिने नळ बंद केला. "चातुर्मास हाय न्हवं. एकभुक्त असतंय त्यांचं. दिवसातनं एकदाच. दुपारी बाराला जेवत्यात."

"मग आज दुपारी जेवल्या असतील."

"तुमी येणार हुतासा की दुपारी. बोलावलेलं माणूस जेवल्याबिगर त्या जेवत न्हाईत. मग तुमचा फोन आला. आमी म्हटलं, आई, जेवून घ्या. तर म्हणाल्या, नको, सांजचं येत्यात म्हणालेत, त्यांच्या पाठोपाठ जेवतो. साडेपाचपास्नं गेटवर हुत्या." सुनीता माझ्याकडे न बघता ताट खंगाळत होती. "दिवस मावळला तशा आत आल्या. हात जोडलं देवापुढं. मग परत बाहेर जाऊन उभारल्या. म्हणाल्या, ती पोरं लांबनं येणार, अंधारात घर गावायचं न्हाय त्यास्नी."

मी हिशेब केला. मला हिशेब करायची सवय आहे. काल दुपारी बारानंतर त्यांनी काही खाल्लं नव्हतं. उद्या दुपारी बाराला खातील. अठ्ठेचाळीस तास. पाणीही आता सकाळ होईपर्यंत नाही. आणि त्यांनी वाकून, हाताने, मला तीन भाकऱ्या वाढल्या होत्या.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"त्यांनीच सांगू दिलं न्हाय. म्हणाल्या, घास आडकंल त्यांच्या नरड्यात."

मी आत गेले. आक्का देव्हाऱ्यापाशी माळ घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटलेले. त्यांना त्यातून उठवून माफी मागायची म्हणजे आणखी एक त्रास. मी दारातच उभी राहिले आणि परत आले.

दुसरा दिवस

सकाळी सहाला निघून बोरगाव, मग कोगनोळीच्या नाक्यापाशी हमरस्त्याला लागायचं आणि दहाला टेम्पो, असं ठरलं होतं. पहाटे उठल्याबरोबर मी भारतीला म्हणाले, "आक्का जेवेपर्यंत मी जाणार नाही. तू हवं तर जा, तुझे माग थांबलेत."

भारती सायकलच्या साखळीला तेल घालत होती. तिने मान वर केली नाही. "माग थांबतील. नवरा ओरडंल, तेबी ऐकून घेतो. मीबी थांबालोय."

"काल तू म्हणालीस ते मी ऐकायला हवं होतं."

"व्हय, ऐकायला हवं हुतं." तिने तेलाची बाटली माझ्याकडे दिली. "मीबी नुसतं म्हटलं. सायकल वळवून गेलो असतो सरळ, तर तू आलीच असतीस मागनं."

आक्का परसात होत्या. विहिरीतून पाणी काढून दुपदरी फडक्यातून गाळत होत्या. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून त्याच्यावरून थोडं पाणी परत विहिरीत सोडत होत्या, फडक्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा पाण्यात जावेत म्हणून. मी पाय धरले.

"आक्का, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं."

"माहीत न्हवतं मग चूक कसली?" त्या म्हणाल्या.

"नाही आक्का. एवढं माहीत होतं. दिवस मावळायच्या आत येतो म्हणाले होते. येऊ शकत होते. रस्त्यात थांबले."

"कशापायी?"

खोटं सांगावंसं वाटलं. पंक्चर होतंच तोंडावर. पण मागे भारती उभी होती. "रस्ता मोजत होते. आणि मावळतीचा फोटो काढत होते."

त्यांनी फडकं पिळलं नाही, नुसतं दोरीवर टाकलं. "चांगला आला का?"

"काय?"

"फोटो."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.

मग मी कामाला हात लावायचा ठरवला. बसून राहणं मला जमत नाही. पाणी काढू का म्हटलं, तर त्या पाण्याला आंघोळ करून ओल्या वस्त्राने हात लावायचा असतो. चूल पेटवू का, तर तिथेही तेच. अंगण झाडायला घेतलं, तर सुनीताने खराटा काढून घेतला, "असू दे वो, पाहुणं तुमी." शेवटी आक्कांनाच दया आली. त्यांनी माझ्यापुढे ज्वारीचं सूप ठेवलं.

"निवड एवढं. खडं काढ. पोरकिडं असतील तर मारू नको, हळूच बोटावर घेऊन त्या शेणीवर सोड."

हे काम मला येतं. दहा मिनिटांत सूप निवडून झालं. खड्यांचा लहानसा ढीग बाजूला, किडे नव्हते. मी सूप उचलून दिलं. आक्का उन्हात बसल्या, चष्मा लावला आणि तेच सूप पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं. एकेक मूठ पसरायची, थांबायचं, दाणे हलतात का बघायचं. पहिल्या मुठीत एक किडा निघाला. मग दुसरा. मग पाच-सहा मुठींनंतर तिसरा. प्रत्येकाला बोटाच्या टोकावर घेऊन त्या उठत होत्या, अंगण ओलांडून शेणीपर्यंत जात होत्या, परत येऊन बसत होत्या. एक दिवस न जेवलेलं माणूस. मी म्हणाले, "द्या, मी सोडते." तर म्हणाल्या, "तू मघाशी बघितलं न्हाईस. आता मी बघतो."

तासभर लागला. भारती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तीही त्यांच्यासारखीच एकेक मूठ बघायला लागली. मागावर तुटलेला धागा शोधायची तिला सवय आहे. तिला आणखी एक किडा सापडला. आक्का तिला म्हणाल्या, "नजर चांगली हाय तुझी गं."

साडेअकराला पानं मांडली. दोनच.

"आक्का, आज आधी तुम्ही," मी म्हणाले. "आम्ही नंतर बसतो. नाहीतर आज जेवतच नाही, मला भूक नाही."

"मग मीबी न्हाय जेवत आज," आक्का शांतपणे म्हणाल्या. धमकी वाटावी असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. पाऊस येणार नाही म्हणावं तसं.

सुनीताने मागून माझ्या पाठीला हात लावून पाटाकडे ढकललं. "बसा वो, बाई! बसा अगुदर!"

बसले. कालच्यासारखंच त्यांनी वाढलं. भाकरी गरम होती, तिच्यातून वाफ येत होती. माझ्या नाकात ती वाफ जात होती तशीच त्यांच्याही जात असणार. मी घाईघाईने घास कोंबायला लागले, लवकर संपलं की त्या लवकर बसतील म्हणून. आक्का म्हणाल्या, "चावून खा गं. मला घाई न्हाय." भारतीने डोळे खाली घातले होते. एक भाकरी मी संपवली आणि दुसरी नको म्हणाले. आक्का भाकरी हातात घेऊन उभ्याच. "काल तीन खाल्लीस." घेतली. ती दुसरी भाकरी मी कशी गिळली ते मला सांगता येणार नाही. आयुष्यात इतकं जड काही खाल्लेलं नाही, आणि तेही भरल्या घरात, लख्ख उन्हात, चांगल्या माणसांच्या पंक्तीत बसून.

आम्ही उठलो, हात धुतले. आक्कांनी आंघोळ करून पुन्हा ओलं नेसलं आणि आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्या मौनाने जेवतात. सोप्यात आम्ही चौघं बसलो होतो. महावीरअण्णा मळ्यातून मुद्दाम आले होते. एकदा आतून भांड्याचा आवाज आला तेव्हा अण्णांनी मान वर केली. मग पाणी ओतल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सुनीता डोकावून आली आणि म्हणाली, "जेवल्या. पोटभर." अण्णांनी टोपी घातली आणि मळ्याकडे निघून गेले. जाताना आमच्याकडे बघून मान हलवली, त्यात राग नव्हता, पण कालच्या फोनवरचं "या की" सुद्धा नव्हतं.

आम्ही सायकली बाहेर काढल्या. सभासदांसाठी सांगते, गावातून बोरगावकडे जाणारा रस्ता चांगला आहे, झाडं कमी, टोपी हवी. दोन्ही बाजूंना ऊस आणि सोयाबीन. नदी डाव्या हाताला राहते.

आक्का गेटपर्यंत आल्या. पदराखालून कागदात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि चटणी काढून भारतीच्या पिशवीत ठेवल्या. "वाटंत खावा. दिवस हाय तवर." मग स्वतःच हसल्या. "तुमाला काय, तुमी कवाबी खाताय."

मी म्हणाले, "आक्का, पुढच्या महिन्यात आमचं अख्खं मंडळ या रस्त्याने येणार आहे. मी त्यांच्याबरोबर असेन. मी आधी कळवते. या वेळी अगदी मिनिटावर."

त्यांनी माझ्या हँडलवर हात ठेवला. हात सुकलेला, नखांत ज्वारीचा भुसा.

"ये. कवाबी ये," त्या म्हणाल्या. "पर सांगून येऊ नको, बाई. तू सांगितलंस की मला वाट बघाय लागतीया."

मी बरं म्हणाले. त्यांनी हँडल सोडलं आणि आम्ही निघालो.